जोडलेल्या पॅनोरमातला असमान उजेड: प्रश्न कुठवर सुटला?

लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहिले की समोरचा खळगा एका फोटोत मावत नाही. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि तळ काठापासून जवळजवळ १४० मीटर खाली आहे. काठावरच्या माणसाला त्याची दोन टोके अगदी डाव्या आणि अगदी उजव्या हाताला दिसतात. मोबाइलचा मुख्य कॅमेरा आडवा धरला तरी साधारण ७० अंशांचाच पट्टा टिपतो. म्हणून पाच-सात फोटो काढायचे, प्रत्येकात शेजारच्याचा थोडा भाग येऊ द्यायचा आणि मग ते जोडायचे, हा सर्वमान्य उपाय आहे. मालेगाव (जि. वाशीम), रिसोड, मेहकर या भागातले स्टुडिओवाले आणि हौशी फोटोग्राफर लोणारला हेच करत आले आहेत. जोडणीतला भूमितीचा भाग, म्हणजे एका फोटोतले झाड दुसऱ्या फोटोतल्या त्याच झाडावर नेमके बसवणे, आता बहुतांशी सुटला आहे. उजेडाचा भाग मात्र अजून सतावतो. आकाशात उभे पट्टे उमटतात, पाण्याचा एक तुकडा चंदेरी आणि शेजारचा काळपट दिसतो, दोन फोटोंमधला सांधा लांबून ओळखू येतो. गेल्या पन्नासएक वर्षांत या दोषावर भरपूर काम झाले. त्या कामाचा हा आढावा आहे. तो घेताना एक मुद्दा वारंवार पुढे येतो: फोटोंमधला उजेडाचा फरक कॅमेऱ्याने निर्माण केला की सूर्याने, हे ठरवल्याशिवाय तो पुसायला घेतला, तर चित्र गुळगुळीत होते पण विश्वासार्ह राहीलच असे नाही.

फरक येतो कुठून

पहिले आणि सर्वांत परिचित कारण म्हणजे ऑटो एक्सपोजर. कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी उजेड नव्याने मोजतो. सूर्याच्या दिशेचे आकाश फ्रेममध्ये आले की तो एक्सपोजर कमी करतो आणि विवराच्या सावलीतल्या झाडीकडे वळवला की वाढवतो. तेच एक झाड दोन शेजारच्या फोटोंत दोन वेगवेगळ्या उजळपणाने उमटते. व्हाइट बॅलन्सही ऑटोवर असेल तर उजळपणासोबत रंगही सरकतो. या फरकाला निदान एक सोय आहे: तो पूर्ण फ्रेमभर सारखा असतो, म्हणून एका गुणकाने दुरुस्त करता येईल अशी आशा धरता येते.

दुसरे कारण लेन्समध्ये आहे. फोटोच्या मध्यापेक्षा कडा काळवंडतात, याला व्हिनेटिंग म्हणतात. साध्या लेन्समध्ये लेन्सच्या अक्षापासून जसजसे दूर जावे तसतसा उजेड त्या कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. ३० अंशांवर मध्याच्या ५६ टक्के उजेड पोचतो, ४५ अंशांवर फक्त २५ टक्के. आधुनिक वाइड लेन्सची रचना ही घट बरीच कमी करते, पण लेन्सची नळी आणि आतल्या भिंगांच्या कडा तिरप्या किरणांना अडवून आपली भर घालतातच. एकट्या फोटोत ही काळोखी खटकत नाही, कित्येकांना ती आवडतेही. पॅनोरमात मात्र प्रत्येक फ्रेमचा उजळ मध्य आणि काळपट कडा एकामागून एक येतात आणि लोणारवरचे स्वच्छ निळे आकाश लाटालाटांचे होते.

तिसरे कारण खुद्द देखाव्यात आहे, आणि त्याला दोष म्हणावे की नाही इथूनच मतभेद सुरू होतात. लोणार आणि मालेगावचा परिसर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या उत्तरार्धात इथे दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा क्षितिजाच्या सगळ्या दिशांना जवळपास सारखा उजेड असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर मध्यान्हीलाही सूर्य दक्षिणेकडे जेमतेम ४६ अंशांवर असतो. मग दक्षिणेकडची फ्रेम उजेडाविरुद्ध आणि उत्तरेकडची उजेडाच्या बाजूने निघते. हा फरक खरा आहे, तिथे उभ्या माणसाच्या डोळ्यालाही तो दिसतो. पोलरायझर फिल्टर लावल्यास प्रकरण आणखी गुंतते, कारण आकाशाचा प्रकाश सूर्यापासून ९० अंशांच्या पट्ट्यात सर्वाधिक ध्रुवीभूत असतो आणि नेमका तोच पट्टा फिल्टर काळाकुट्ट करतो. त्यातच फोटो काढेपर्यंत ढग सरकला, तर तीच जमीन दोन फोटोंत दोन उजेडांत येते. पावसाळ्याच्या तोंडावर विदर्भात हे रोजचेच.

चिकटवलेल्या कागदांपासून संगणकापर्यंत

प्रश्न जुना आहे. फेलिचे बिआतो याने १८५८ मध्ये लखनौचे जे पॅनोरमा केले ते सुट्या अल्ब्युमेन प्रिंट शेजारी शेजारी लावून. अशा कामात दोन काचा वेगळ्या वेळी उघडलेल्या, प्रिंट वेगळ्या धुतलेल्या, म्हणून सांध्यावर छटा बदलणे अटळ होते. त्या काळी प्रिंट करताना हाताने छटा जुळवणे एवढाच उपाय होता. १९०४ मध्ये पेटंट मिळालेल्या सर्कट कॅमेऱ्याने दुसरी वाट काढली. कॅमेराच फिरायचा आणि अरुंद फटीतून सलग फिल्मवर चित्र उतरायचे. सांधाच नाही, म्हणून सांध्यावरचा फरकही नाही. आजच्या मोबाइलमधला पॅनोरमा मोड तत्त्वाने याच वंशातला आहे. तो प्रत्येक फ्रेमचा मधला अरुंद पट्टा उचलतो, त्यामुळे कडांच्या काळोखीचा उपद्रव आपोआप घटतो.

संगणकावरचे काम १९७०च्या दशकात उपग्रहांच्या चित्रांपासून सुरू झाले. १९७५ मध्ये डेव्हिड मिलग्रॅम यांनी मांडले की दोन चित्रे सरळ रेषेत कापून जोडण्याऐवजी, जिथे त्यांच्यातला फरक सर्वांत कमी आहे अशा वाकड्या वाटेने जोडावीत. १९८३ मध्ये पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी दिलेली थरांच्या ब्लेंडिंगची पद्धत आजही जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. १९९८ मध्ये हेल्मुट डेर्श यांच्या पॅनोरमा टूल्समुळे ही साधने सामान्य फोटोग्राफरच्या हाती आली आणि त्यांच्याच आधारावर ‘हगिन’ हे मोफत सॉफ्टवेअर उभे राहिले. मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये, आणि अधिक सविस्तरपणे २००७ मध्ये, फोटोंचा ढीग दिला तरी त्यातून शेजारी ओळखून आपोआप जोडणारी पद्धत सिद्ध केली. तेव्हापासून जोडणी ही तज्ज्ञाची कामगिरी राहिली नाही. उजेडाबद्दलच्या आजच्या सगळ्या भूमिका या इतिहासातून निघतात. ढोबळ मानाने त्या तीन आहेत: सांधा लपवावा, फरक मोजून काढावा, किंवा तो होऊच देऊ नये.

सांधा लपवणारी बाजू

पहिल्या बाजूचे म्हणणे सोपे आणि व्यवहारी आहे. पाहणाऱ्याला खटकतो तो सांधा. हळूहळू होणारा बदल डोळा पचवतो, एकदम होणारा बदल पचवत नाही. तेव्हा बदल पसरवून द्या. पण नुसता पसरवून चालत नाही, ही बर्ट आणि एडेलसन यांची मूळ कल्पना. दोन फोटो रुंद पट्ट्यात एकमेकांत विरघळवले तर उजेडाचा सांधा जातो, पण झाडांची पाने दुहेरी दिसू लागतात. अरुंद पट्ट्यात विरघळवले तर पाने ठीक राहतात, पण उजेडाची पायरी दिसते. म्हणून त्यांनी चित्राचे थर वेगळे केले. उजेडाचे मोठे, संथ चढउतार रुंद पट्ट्यात मिसळायचे, बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात, आणि मग सगळे थर परत एकत्र करायचे. २००४ पासूनचे ‘एनब्लेंड’ हे मोफत साधन याच तत्त्वावर चालते.

या बाजूचा पुढचा टप्पा ग्रेडियंटचा. २००३ मध्ये पॅट्रिक पेरेझ आणि सहकाऱ्यांनी, आणि २००४ मध्ये खास पॅनोरमासाठी अनात लेविन व सहकाऱ्यांनी, पिक्सेलच्या किमतींऐवजी शेजारच्या पिक्सेलमधल्या फरकांवर काम केले. प्रत्येक फोटोतले फरक तसेच ठेवायचे, सांध्यावरचा फरक शून्याकडे न्यायचा आणि या फरकांवरून पूर्ण चित्र पुन्हा उभारायचे. परिणाम थक्क करणारा असतो, कारण सांधा शोधूनही सापडत नाही. किंमत अशी की फरकांवरून चित्र उभारताना मूळ उजळपणा कुठे होता याची नोंद सुटते. सांध्यावरचा उजेड दोन्ही बाजूंना दूरवर झिरपतो आणि एखाद्या ठिकाणी झाडाने सांधा छेदला असेल तर झाडाचा काळेपणा आकाशात उतरू शकतो.

या बाजूवर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप व्हिनेटिंगच्या संदर्भातला आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. दोन शेजारच्या फ्रेम ज्या पट्ट्यात एकमेकींवर येतात, तिथे डावीकडच्या फ्रेमची उजवी कडा आणि उजवीकडच्या फ्रेमची डावी कडा एकत्र येतात. दोन्ही कडा लेन्सने सारख्याच काळवंडवलेल्या असतात. पट्ट्याच्या बरोबर मध्यावर दोन्ही फोटो एकमताने सारखाच, पण खऱ्यापेक्षा कमी, उजेड दाखवतात. म्हणजे सांध्यावर फरक नाहीच! सांधा लपवणाऱ्या पद्धतीला तिथे दुरुस्त करण्यासारखे काही दिसत नाही, आणि पूर्ण पॅनोरमाभर उजळ-काळपट लाटा तशाच राहतात. सांधा अदृश्य झाला म्हणजे उजेड बरोबर झाला, हे समीकरण इथे उघडपणे कोसळते. या बाजूचे जाणते पुरस्कर्तेही म्हणूनच आधी लेन्सची दुरुस्ती करून घेण्याचा सल्ला देतात.

मोजून काढणारी बाजू

दुसरी बाजू म्हणते की फरक का झाला हे शोधा, मग तो उलट दिशेने फिरवा. यातला सर्वांत साधा प्रकार ब्राउन आणि लो यांच्या पद्धतीत आहे. प्रत्येक फोटोला एक गुणक द्यायचा आणि सगळ्या सामाईक पट्ट्यांत शेजारी फोटो जास्तीत जास्त जुळतील असे गुणक एकाच वेळी सोडवायचे. इथे एक गणिती अडचण लगेच येते. सगळे गुणक शून्य केले तर सगळे फोटो काळे होतात आणि अर्थातच तंतोतंत जुळतात. म्हणून गुणक एकच्या जवळ राहावेत अशी अट जोडावी लागते. फोटो एकमेकांच्या तुलनेत किती उजळ हे सामाईक पट्ट्यावरून कळते, पण पूर्ण चित्र मुळात किती उजळ होते हे त्यावरून कळूच शकत नाही, हे या अटीमागचे खरे कारण. कुठला फोटो प्रमाण मानायचा हा निर्णय बाहेरूनच येतो.

एका फ्रेमला एकच गुणक अपुरा पडतो असे दिसल्यावर, मॅथ्यू उयटेंडाल, अॅश्ली ईडन आणि रिचर्ड झेलिस्की यांनी २००१ मध्येच सुचवलेला मार्ग रूढ झाला: फोटोचे चौकोनी तुकडे करून प्रत्येक तुकड्याला वेगळी दुरुस्ती द्यायची आणि तुकड्यांमध्ये ती हळुवार बदलत न्यायची. ओपनसीव्ही या मोफत संगणकीय संचात एकच गुणक आणि तुकड्यांचे गुणक असे दोन्ही पर्याय मिळतात. तुकड्यांची पद्धत लवचीक आहे, पण ती कशाची दुरुस्ती करते हे तिला ठाऊक नसते. लेन्सची काळोखी, ढगाची सावली आणि एक्सपोजरचा फरक तिला एकसारखेच.

या बाजूचा गाभा आहे तो कॅमेऱ्याचे पूर्ण गणिती प्रतिरूप बांधण्याचा. पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फोटोंवरून कॅमेरा उजेडाचे आकड्यात रूपांतर कोणत्या वक्राने करतो हे काढता येते. डॅन गोल्डमन आणि जिउन-हंग चेन यांनी २००५ मध्ये पॅनोरमाच्याच फोटोंवरून व्हिनेटिंग, एक्सपोजर आणि हा वक्र एकत्र काढले. पाब्लो द’आंजेलो यांनी त्याच धर्तीचे काम हगिनमध्ये आणले. यामागची युक्ती सुबक आहे. सामाईक पट्ट्यातला एकच खडक एका फोटोत मध्याजवळ आणि दुसऱ्यात कडेला असतो. तोच खडक असल्याने उजेडातला फरक देखाव्याचा असू शकत नाही, तो लेन्सचाच असणार. असे शेकडो बिंदू घेतले की लेन्स कोणत्या अंतरावर किती काळवंडते याचा आलेख हाती येतो. वर सांगितलेल्या लाटांवर हाच खरा इलाज आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत भक्कम कमाई हीच. इथे चित्राला मेकअप केलेला नसतो, कॅमेऱ्याचे वर्तन मोजलेले असते.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. वक्र आणि व्हिनेटिंग एकत्र काढताना काही संदिग्धता उरते: वेगळा वक्र आणि त्याला अनुरूप वेगळे व्हिनेटिंग घेतले तरी फोटो तितकेच जुळतात. रॉ फाईल वापरली तर वक्र सरळ रेषेचा असतो आणि हा तिढा बराच सुटतो. जेपीईजीवर साधा गुणक लावला तर मधल्या छटा जुळतात, पण अगदी उजळ आणि अगदी गडद भाग चुकतात, कारण कॅमेऱ्याने तिथे वक्र वाकवलेला असतो. आणि जिथे सूर्याजवळचे आकाश पूर्ण पांढरे उमटले आहे, तिथे कोणतेही गणित चालत नाही. माहिती टिपलीच गेली नसेल तर ती मोजायची कुठून?

सध्या मोठी अडचण मोबाइलची आहे. वरचे सगळे गणित असे धरून चालते की एका कॅमेऱ्याचा वक्र एकच असतो. आजचा मोबाइल मात्र एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो आणि फोटोच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे उजळवतो. आकाश वेगळे, चेहरा वेगळा, सावलीतली झाडी वेगळी. शेजारच्या फ्रेममध्ये चेहरा नसला की सगळा हिशोब बदलतो. म्हणजे मोजायचा वक्रच जागोजाग आणि फोटोगणिक बदलता झाला. खेड्यापाड्यांतले बहुतेक पॅनोरमा आज मोबाइलवरच निघतात, त्यामुळे ही अडचण अपवादातली राहिलेली नाही.

आधीच टाळणारी बाजू

तिसरी बाजू जुन्या फोटोग्राफरांची. मॅन्युअल मोड लावा, सगळ्या फ्रेमना एकच एक्सपोजर आणि एकच व्हाइट बॅलन्स ठेवा, पोलरायझर काढा, फोटो उभे काढा आणि शेजाऱ्यांत किमान एकतृतीयांश भाग सामाईक ठेवा, ढग सरकण्याआधी पूर्ण फेरी उरका. मोबाइलवर पडद्यावर बोट दाबून धरले की बहुतेक फोनमध्ये एक्सपोजर लॉक होते. यात गणित नाही, शिस्त आहे, आणि ती बहुतांश दोष मुळातच होऊ देत नाही.

हिच्यावरचा आक्षेप असा की पूर्ण वर्तुळाच्या देखाव्यात एका एक्सपोजरने भागत नाही. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या दगडी मंडपात उभे राहून चारी दिशांचा पॅनोरमा घ्यायचा, तर आतले कोरीव छत आणि दाराबाहेरचे ऊन यांत कित्येक स्टॉपचा फरक असतो. आतल्यासाठी एक्सपोजर धरले तर दार पांढरे होते, दारासाठी धरले तर छत काळे. उत्तर म्हणून प्रत्येक दिशेला तीन-तीन एक्सपोजर घ्यायचे, आणि तेही सर्व दिशांना तेच तीन. मग ते डेबेवेक आणि मलिक यांच्या मार्गाने एकत्र करायचे किंवा २००७ मध्ये टॉम मेर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या एक्सपोजर फ्युजनने. दुसरा आक्षेप असा की काही कामांत फोटो काढणाऱ्याच्या हातात काही नसते. ड्रोन त्याचे ठळक उदाहरण. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. अशा मोजणीत शेकडो फोटो जोडून गावाचा एक सलग नकाशा-फोटो तयार होतो. उड्डाणात ढग येतो-जातो, पत्र्याची छपरे झळाळतात, गल्ल्या सावलीत बुडतात. तिथे हद्दीची रेषा नेमकी असणे हे पहिले काम आणि उजेड दुय्यम, असे म्हणता येते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण भिंतीची कड सावलीत हरवली किंवा सांध्यावर दुहेरी झाली, तर उजेडाचा प्रश्न हद्दीचाच प्रश्न होतो.

लोणारचे पाणी आणि फोटोची साक्ष

तिन्ही बाजूंचा खरा कस लागतो तो फोटो नोंद म्हणून वापरला जातो तेव्हा. जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. त्या दिवसांत सरोवराचे असंख्य फोटो आणि पॅनोरमा फिरले. नासाने लँडसॅट-८ उपग्रहाची २५ मे आणि १० जूनची चित्रे शेजारी ठेवून बदल दाखवला. ही तुलना पटते, कारण उपग्रहाचा संवेदक मोजून पारखलेला असतो आणि दोन दिवसांचे आकडे एकाच मापाचे असतात. ऑटो व्हाइट बॅलन्सवर काढलेल्या आणि आपोआप जोडलेल्या पॅनोरमाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्यातला गुलाबी किती पाण्याचा, किती कॅमेऱ्याचा आणि किती जोडणीच्या सॉफ्टवेअरने शेजारच्या फ्रेमवरून पसरवलेला, हे सांगण्याचे साधन त्या चित्रात नसते. पाणी गुलाबी झाले होते यात शंका नाही, पण काठाजवळ जास्त गुलाबी होते की मध्यात, सकाळी जास्त की दुपारी, असे प्रश्न त्या फोटोंना विचारता येत नाहीत.

यावर एक प्रामाणिक प्रतिवाद आहे. फोटो कधीच निखळ मोजमाप नव्हता, डोळाही सावलीत आणि उन्हात स्वतःला जुळवून घेतो, मग जुळवून घेतलेला पॅनोरमा उलट डोळ्याच्या अनुभवाच्या जवळ जातो. लग्नातल्या गर्दीच्या किंवा सहलीच्या पॅनोरमाबाबत हा प्रतिवाद मला पूर्ण मान्य आहे. खऱ्या उजेडाचे गुणोत्तर कागदावर किंवा पडद्यावर मावतही नाही, ते कुठेतरी दाबावेच लागते. पण दाबणे आणि पुसणे यांत फरक आहे. डोळा सावली उजळतो, तरी ती सावली आहे हे त्याला कळते. सांधा लपवणारी पद्धत सावलीची कडच नाहीशी करू शकते.

उपग्रह-चित्रांच्या क्षेत्रात हा वाद बराच आधी झाला. इस्रोच्या भुवन पोर्टलवर किंवा अन्य नकाशांवर विदर्भ पाहिला तर कुठे कुठे एकाच शिवारातून सरळ रेष गेलेली दिसते: एका बाजूला उन्हाळ्यातली काळी जमीन, दुसऱ्या बाजूला खरिपाचे हिरवे सोयाबीन. तिथे दोष कॅमेऱ्याचाही नाही आणि उन्हाचाही नाही, दोन चित्रे दोन ऋतूंतली आहेत. ती रेष सफाईने विरघळवली तर नकाशा देखणा होईल आणि शेतीचा अभ्यास करणाऱ्याची दिशाभूल होईल. त्या क्षेत्राने म्हणूनच दोन मार्ग वेगळे ठेवले आहेत: पाहण्यासाठी छटा जुळवलेले चित्र आणि अभ्यासासाठी मूळ पारखलेले आकडे. रस्त्यांच्या चारी दिशांच्या चित्रांतही हाच पेच येतो. २०२२ मध्ये मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगरसह दहा शहरांत स्ट्रीट व्ह्यू सुरू झाले. तिथे प्रत्येक लेन्स वेगळ्या दिशेला असते आणि एखादी सूर्याकडे तोंड करून असते, तरी पाहणाऱ्याला सलग रस्ता हवा असतो. तिथे देखणेपणाला प्राधान्य देण्यात गैर काही नाही.

काय सुटलेले नाही

पहिला अनिर्णित मुद्दा कसोटीचा आहे. जोडलेल्या पॅनोरमाचा उजेड बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे? बहुतेक अभ्यास सांध्यावर किती फरक उरला हे मोजतात. व्हिनेटिंगच्या उदाहरणाने दिसते की सांध्यावर शून्य फरक असूनही पूर्ण चित्र चुकीचे असू शकते. खरा उजेड स्वतंत्रपणे मोजून ठेवलेला असेल अशी पॅनोरमांची सामाईक, मोठी कसोटीमाला सर्वमान्य झालेली नाही. तोवर एक पद्धत दुसरीपेक्षा चांगली हे दावे डोळ्यांच्या पसंतीवरच बरेच अवलंबून राहतील.

दुसरा मुद्दा शिकणाऱ्या यंत्रांचा. गेल्या काही वर्षांत न्यूरल नेटवर्कने फोटो जुळवणे, सांधा निवडणे आणि छटा एकत्र करणे ही कामे एकाच फेरीत करणे सुरू झाले. सरकणारा ढग, हलणारी माणसे, अरुंद सामाईक पट्टा अशा ठिकाणी, जिथे जुन्या पद्धती अडखळतात, ती पुष्कळदा सुंदर निकाल देतात. त्यांच्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की मोबाइलच्या जागोजाग बदलत्या वक्राला तोंड देण्याची लवचीकता सध्या त्यांच्यातच जास्त आहे. पण उजेडाची कोणती दुरुस्ती कुठे केली हे त्यांच्याकडून बाहेर काढणे कठीण असते. गुणक आणि व्हिनेटिंगचा आलेख कागदावर मांडता येतो आणि उलटाही फिरवता येतो. इथे तसे होत नाही. मोजणारी बाजू आणि शिकणारी बाजू एकत्र आणून, दुरुस्तीचे आकडे उघड ठेवणारे यंत्र घडवणे हे पुढच्या कामाचे सर्वांत फलदायी क्षेत्र दिसते.

तिसरा मुद्दा हलत्या उजेडाचा. फोटो काढताना ढग सरकला तर फरक सूर्याचा असतो, पण तो देखाव्याचा कायमचा भाग नसतो. तो ठेवायचा की काढायचा? मोजणारी बाजू याला स्पष्ट उत्तर देत नाही, कारण तिचे प्रतिरूप कॅमेऱ्याचे आहे, आकाशाचे नाही. लपवणारी बाजू तो बिनदिक्कत काढते. व्यवहारात त्या फ्रेम पुन्हा काढणे हेच आजवरचे सर्वांत सुरक्षित उत्तर राहिले आहे.

या सगळ्यावरून कामाचा क्रम माझ्या मते बराच स्पष्ट होतो. आधी एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स कायम ठेवून फोटो काढावेत. नंतर लेन्सचे व्हिनेटिंग मोजून काढावे, मग उरलेला एक्सपोजरचा फरक गुणकाने जुळवावा आणि थरांचे ब्लेंडिंग सर्वांत शेवटी, उरलेल्या बारीक फरकासाठीच वापरावे. हा क्रम उलटा केला की पहिल्याच पायरीत पुरावा मिसळून जातो आणि पुढच्या पायऱ्यांना मोजायला काही उरत नाही. मोबाइलवर एवढे शक्य नसेल तर निदान एक्सपोजर लॉक करणे कुणालाही जमते.

लोणार २०२० पासून रामसर पाणथळ स्थळ आहे आणि त्याच्या पाण्याची पातळी, रंग, काठची झाडी यांच्या नोंदी पुढच्या पिढ्यांना लागणार आहेत. तिथे, किंवा मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरच्या जुन्या दगडी वास्तूंसारख्या ठिकाणी, पॅनोरमा घेणाऱ्यांना एवढीच विनंती: जोडलेले चित्र हवे तेवढे देखणे करा, पण सुट्या मूळ फ्रेम पुसू नका. तारीख, वेळ आणि दिशा लिहून त्या जपून ठेवा. आजचे सॉफ्टवेअर जे चुकीचे जुळवते ते उद्याचे नीट जुळवू शकेल, मात्र त्यासाठी त्याला मूळ फ्रेमच लागतील.